कोरियन मालिकेतली सागरी युद्धं : प्रेक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

'इमॉर्टल ॲडमिरल यी सुन-शिन' ही कोरियाच्या केबीएस वाहिनीची १०४ भागांची मालिका सप्टेंबर २००४ ते ऑगस्ट २००५ या काळात कोरियात शनिवार-रविवारी लागायची. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानने कोरियावर केलेली स्वारी आणि ती समुद्रावर अडवणारा सेनापती यी सुन-शिन, हा तिचा विषय. तिच्यातल्या लढायांवर कुणी जीव ओवाळून टाकतं, तर कुणी तोफेचा धूर पाहूनच नाक मुरडतं. दोन्ही गटांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. शेवट काय होतो तेही खाली आलं आहे. कोरियात तो शाळकरी पोरांनाही पाठ असतो, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

पहिली मोठी लढाई यायला इतका वेळ का लागतो?

कारण मालिका लढायांची नाही, माणसाची आहे. १५९२चं युद्ध पेटेपर्यंत जवळजवळ अर्धी मालिका संपते. तोवर यीची उमेदवारी, उत्तरेच्या सीमेवरच्या जुरचेन टोळ्यांशी झालेल्या चकमकी, पद जाऊन साधा शिपाई म्हणून राहण्याची शिक्षा आणि दरबारातलं गटबाजीचं राजकारण असं बरंच काही येऊन जातं. १५७२च्या लष्करी परीक्षेत घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला, त्याने विलोच्या सालीने पाय बांधून परीक्षा पुरी केली, हा किस्साही त्याच काळातला. त्या खेपेला तो नापासच झाला. पास व्हायला १५७६ उजाडलं.

बरेच जण हा भाग पळवत पाहतात आणि मग समुद्रावर वॉन ग्यूनशी वाद सुरू झाला की विचारतात, "हा एवढा का चिडलाय?" माझा सल्ला, दरबारातल्या लांबलचक बैठका हव्या तर पळवा, पण र्यू सॉंग-र्योंग आणि वॉन ग्यून हे दोघे जिथे जिथे दिसतील तिथे थांबा. पहिला दरबारातला मंत्री, यीचा पाठीराखा; दुसरा आरमारातला प्रतिस्पर्धी. पुढच्या प्रत्येक लढाईत या दोघांची सावली आहे.

लढाईत तीच तीच दृश्यं पुन्हा का दिसतात?

पैसा आणि वेळ, दुसरं काय. आठवड्याला दोन भाग द्यायचे, त्यात शेकडो जहाजांची लढाई दाखवायची. पूर्ण आकाराची मोजकी जहाजं बांधली आणि बाकीचा ताफा संगणकावर उभा केला. त्या काळी संगणकावर जहाज जमायचं, पाणी जमायचं नाही. दूरचं दृश्य आलं की समुद्र मेणाचा वाटतो, तो त्यामुळेच. एकदा नीट टिपलेला तोफेचा बार किंवा बाण लागून पाण्यात पडणारा सैनिक मग पुढच्या लढाईतही कामाला येतो.

यीवरचाच २०१४चा 'ॲडमिरल: रोअरिंग करंट्स' हा चित्रपट आधी पाहून या मालिकेकडे आलेल्यांना हे जास्त खुपतं. त्या चित्रपटाची कोरियात १ कोटी ७६ लाखांहून जास्त तिकिटं खपली. तिथे एकाच लढाईला तासभर दिला आहे. अख्खं युद्ध उभं करणाऱ्या मालिकेला त्याच मापाने मोजणं बरोबर नाही. तरी एक तक्रार मला मान्य आहे. जिथे खर्च लागत नव्हता तिथेही मालिका कधीकधी आळस करते. कुठलं जहाज कुठे आहे, वारा कुठून येतोय, ओहोटी लागली की नाही, हे एका साध्या नकाशाने कळलं असतं. त्याऐवजी चार सरदार आळीपाळीने दचकून समुद्राकडे बघतात.

तोफगोळे आदळल्यावर फुटतात, आगीचे लोळ उठतात. खरंच असं व्हायचं का?

नाही. मालिकेतली सर्वांत मोठी थाप हीच, आणि जाणकार प्रेक्षक सर्वांत जास्त चिडतात तेही इथेच.

यीच्या जहाजांवरच्या तोफांना आकाश, पृथ्वी, काळा आणि पिवळा अशी नावं होती. मुलांना चिनी अक्षरं शिकवण्याच्या सहस्राक्षरी पाठातली ही पहिली चार अक्षरं. आकाश सर्वांत मोठी, मग उतरत्या क्रमाने बाकीच्या. त्यांतून दगडाचे किंवा लोखंडाचे भरीव गोळे सुटत, कधी छऱ्यांसारखे लहान गोळे एकदम, तर कधी लोखंडी टोकाचा ओंडक्याएवढा लाकडी बाण. यातलं काहीही आदळल्यावर फुटत नाही. ते फळ्या फोडतं, माणसं चिरडतं, जहाजाला भोक पाडतं. फुटणारे गोळे कोरियन सैन्याकडे होते, पण त्यांचं नाव झालं ते जमिनीवर, १५९२ साली ग्यॉंगजूच्या वेढ्यात. समुद्रावर आग लावायची तर अग्निबाण होते.

पण गोळा फुटतो की नाही, एवढ्यावर वाद थांबवू नये. मला जास्त खटकतं ते वेगळंच. यीची सगळी रीत लांबून लढायची. जपानी सैनिकाचं बळ जवळच्या लढाईत. शंभरेक मीटरच्या आत आला की त्याची बंदूक भारी, आणि जहाजाला जहाज भिडवून उडी मारली की तलवार भारी. म्हणून यीने त्याला भिडूच द्यायचं नाही असं ठरवलं. जपानी जहाजं हलकी, वेगवान, निमुळत्या तळाची. जड तोफांचा धक्का त्यांना पेलवत नसे, म्हणून त्यांच्यावर तोफा फार थोड्या. पानोकसॉन हे कोरियन लढाऊ जहाज जाड पाइनच्या लाकडाचं, दुमजली, सपाट तळाचं. वल्हेकरी खालच्या मजल्यावर झाकलेले, लढणारे वरच्या मजल्यावर, शत्रूच्या डोक्यापेक्षा उंच. वेग कमी, पण पाण्यावर तरंगणाऱ्या परातीसारखं ते जागच्या जागी वळायचं. एका बाजूच्या तोफा डागून झाल्या की जहाज फिरवायचं आणि दुसरी बाजू समोर आणायची.

अशी लढाई पडद्यावर कशी दाखवणार? दोनशे-तीनशे मीटरवरून गोळे टाकायचे, समोरचा जवळ येऊ लागला की मागे सरकायचं, पुन्हा गोळे टाकायचे. यात ना नजरेला नजर, ना तलवारीला तलवार. दिग्दर्शकाला चेहरे हवे असतात. म्हणून जहाजं भिडतात, दोर फेकले जातात, डेकवर कापाकापी होते, मध्ये स्फोट होतात. जे घडू नये म्हणून यीने सगळी आखणी केली, नेमकं तेच पाहून आपण टाळ्या वाजवतो.

मग मालिकेतली कुठली लढाई खरी वाटते?

हानसानची. तिचा डावच असा आहे की तो बिघडवणं अवघड. १४ ऑगस्ट १५९२, जपानी सरदार वाकिसाका यासुहारु ७३ जहाजं घेऊन ग्यॉन-नेर्यांगच्या अरुंद खाडीत. तिथे खडक, शिवाय शत्रू पोहून किनारा गाठणार. म्हणून यी आत गेला नाही. पाच-सहा पानोकसॉन पुढे पाठवली, त्यांनी थोडी झटापट करून पळ काढला, आणि पाठलाग करणारा वाकिसाका हानसान बेटासमोरच्या मोकळ्या पाण्यात आला. तिथे कोरियन ताफा पंख पसरलेल्या क्रौंचासारखा अर्धवर्तुळात उभा. ४७ जपानी जहाजं नष्ट, १२ पकडली गेली, १४ निसटली.

पळणारी जहाजं एकदम वळतात आणि दोन्ही बाजूंनी पंख मिटायला लागतात, तो क्षण प्रत्येक मालिकेत, प्रत्येक चित्रपटात अंगावर येतो. तिथे स्फोटांची गरजच नसते. वल्ह्यांचा ठेका बदललेला ऐकू आला तरी पुरे.

कासवनौका तोंडातून आग ओकायची का? वरून लोखंडाची होती का?

कासवनौका म्हणजे कासवाच्या पाठीसारखं छत असलेली यीची लढाऊ नौका. पुढे ड्रॅगनचं डोकं होतं आणि त्याच्या तोंडातून तोफ डागता येत असे, असं खुद्द यीच्या अहवालात आहे. धूर सोडण्याची गोष्ट नंतरच्या वर्णनांतली. छतावर टोकदार खिळे होते, शत्रूने उडी मारून वर येऊ नये म्हणून. छताला लोखंडी पत्रा होता का, यावर कोरियन अभ्यासकांमध्येच मतभेद आहेत. यीच्या लिखाणात पत्र्याचा उल्लेख नाही, जपानी बाजूच्या वर्णनांत लोखंडाचा आहे. तिचं सविस्तर वर्णन आणि चित्रं मिळतात ती १७९५च्या ग्रंथात, म्हणजे युद्धानंतर दोनशे वर्षांनी.

ती पहिल्यांदा लढली साचॉनला. त्याच लढाईत यीच्या डाव्या खांद्यात गोळी घुसली. संख्येने या नौका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सगळा भार पानोकसॉननी वाहिला, आणि प्रेक्षकांच्या चर्चेत त्यांचं नावही निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

वॉन ग्यून इतका चांगला का दाखवला? कोरियन प्रेक्षक याच्यावर भडकले होते म्हणतात.

भडकले होते, आणि जोरात. मालिका दोन कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. त्यांतल्या किम ताक-ह्वानच्या कादंबरीत वॉन ग्यूनकडे सहानुभूतीने पाहिलं आहे. सुरुवातीच्या भागांत तर तरुण यी बुजरा आणि वॉन ग्यून धडाडीचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला देवासारखा मानला त्याला असं पाहून लोक संतापले, निषेधाचा पाऊस पडला. पुढे पुढे मालिकेचा सूर बदलत गेला.

इतिहास काय म्हणतो? युद्ध सुरू होताच वॉन ग्यूनने आपला बहुतेक ताफा स्वतःच बुडवला. १५९७ला यीला काढून तुरुंगात टाकलं, त्याच्या जागी वॉन ग्यूनला बसवलं, आणि त्याच वर्षी चिलचॉल्यांगला जवळजवळ सगळं आरमार गेलं, तोही गेला. तरीही १६०४ला दरबाराने युद्धातल्या पहिल्या दर्जाच्या मानकऱ्यांची यादी काढली तेव्हा यी सुन-शिन आणि सेनापती क्वॉन युल यांच्या पंक्तीला वॉन ग्यूनही बसवला. ज्या राजा सॉनजोने यीला काढून वॉन ग्यूनला नेमलं होतं, त्याचीच ही यादी. आपली निवड इतकी वाईट नव्हती, हे दाखवायची त्याला गरज असणारच.

मालिकेने वॉन ग्यूनला माणूस म्हणून उभा केला, याचं मला कौतुक आहे. चिलचॉल्यांगचा पराभव त्यामुळेच मनाला लागतो. नुसत्या खलनायकाचा ताफा बुडाला असता तर कुणाला काय पडलं होतं?

जपानी सरदार मूर्ख दाखवलेत, असं वाटत नाही का?

काही ठिकाणी वाटतं. ओरडणं, दात खाणं, टेबलावर मूठ आपटणं जरा जास्तच आहे. पण वाकिसाकाच्या फाजील आत्मविश्वासाला कारण होतं. तो ही स्वारी काढणाऱ्या जपानी सत्ताधीश हिदेयोशीच्या 'शिझुगाताकेच्या सात भाल्यां'पैकी, म्हणजे त्या लढाईत नाव काढलेल्या सात वीरांपैकी एक, आणि हानसानच्या थोडंच आधी योंगिनला त्याने मूठभर सैन्यानिशी प्रचंड कोरियन फौज उधळली होती. अशा माणसाने पळणाऱ्या पाच-सहा जहाजांचा पाठलाग केला नसता तरच नवल. मालिकेने योंगिनची आठवण त्याच्या तोंडी ठळकपणे ठेवली की तो मूर्ख वाटत नाही.

आणखी एक संदर्भ लक्षात ठेवा. मालिका चालू असतानाच, मार्च २००५मध्ये, जपानच्या शिमाने प्रांताने 'ताकेशिमा दिन' ठरवला. ज्या बेटांना कोरियन लोक दोकदो म्हणतात आणि आपली मानतात, त्यांच्यावरचा हा जपानी दावा. कोरियात संतापाची लाट उठली. त्या आठवड्यांत जपानी जहाज बुडताना पाहणाऱ्या कोरियन माणसाच्या मनात १५९२ आणि २००५ वेगवेगळे राहिले नसणार.

म्यॉंगन्यांगला जहाजं बारा की तेरा? आणि एकटं जहाज एवढ्या ताफ्यासमोर, हे फिल्मी नाही का?

चिलचॉल्यांगहून बे सॉल नावाचा अधिकारी १२ जहाजं घेऊन निसटला होता. आरमार बंद करून जमिनीवर लढा असं दरबारातून सुचवलं गेलं, तेव्हा यीने राजाला कळवलं की आपल्याकडे अजून १२ जहाजं आहेत. लढाईपर्यंत आणखी एकाची भर पडली, म्हणून १३. समोर त्याच्या रोजनिशीप्रमाणे १३३. कुठे कुठे ३३०चा आकडा सापडेल, पण खुद्द यीने लिहिलेला आकडा असताना मी दुसरीकडे जाणार नाही.

आता फिल्मीपणाचं. २६ ऑक्टोबर १५९७च्या त्या दिवसाबद्दल यीने स्वतः लिहिलंय की त्याचं जहाज पुढे गेलं आणि बाकीची मागे रेंगाळली. त्याने निशाण उभारून त्यांना बोलावलं. आन वी या त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं जहाज जवळ आल्यावर तो कठड्यावरून ओरडला की लष्करी कायद्याने मरायचंय का, पळून जाऊन राहणार कुठे? मग आन वी शत्रूत घुसला. पुढे समुद्रात तरंगणारं लाल रेशमी कपड्यांतलं प्रेत यीच्या जहाजावरच्या एका फितूर जपान्याने ओळखलं, ते एका जपानी सरदाराचं निघालं. हे सगळं रोजनिशीत आहे. २०१३पासून ही रोजनिशी युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत आहे. गंमत अशी की प्रेक्षक ज्या प्रसंगाला 'अति झालं' म्हणतात, पटकथाकाराने त्यातच सर्वांत कमी भर घातली आहे.

सामुद्रधुनीत लोखंडी साखळी ताणून जहाजं उलथवली, ते खरं का?

रोजनिशीत साखळीचा शब्दही नाही. गोष्ट नंतरची. म्यॉंगन्यांगची लढाई झाली ती उल्दोलमोक ही जिंदो बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली चिंचोळी वाट, सर्वांत अरुंद जागी तीनशे मीटरच्या आसपास. भरती-ओहोटीचा प्रवाह दहा नॉटच्या घरात जातो आणि दिवसातून चारदा दिशा बदलतो. तिथे १३३ जहाजांना एकदम पसरताच येत नाही, आणि प्रवाह फिरला की मागची पुढच्यांवर आदळतात. एवढं असताना साखळी कशाला हवी? आज त्या जागेवरून जिंदोचा पूल जातो. खाली पाणी उकळत असल्यासारखं दिसतं.

आपल्याला हे पाहताना मराठा आरमार आठवतं. तुलना करावी का?

आठवणारच. आणि एका मुद्द्यापुरती तुलना चांगली जमते. दोन्हीकडे किनाऱ्याची जाण हेच हत्यार होतं. १६७९ला खांदेरीवर इंग्रजांची मोठी जहाजं पहारा देत असताना शिवाजी महाराजांच्या छोट्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारात बेटावर रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांना त्या पकडता येईनात.

त्यापुढे मात्र वाटा वेगळ्या. मराठ्यांची गुराबं-गलबतं वेगावर भिस्त ठेवून होती, आणि संधी मिळताच शत्रूच्या जहाजावर चढून जाणं ही त्यांची आवडती रीत. म्हणजे या बाबतीत ती यीपेक्षा जपान्यांच्या जवळची. "यी सुन-शिन म्हणजे कोरियाचे कान्होजी आंग्रे" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण एवढा फरक पोटात घालूनच म्हणावं. कान्होजींच्या लढायांवर कुणी १०४ भाग काढील तर मी पहिल्या रांगेत बसेन, ते वेगळं.

तेवीसपैकी तेवीस लढाया जिंकला, हा आकडा बरोबर का?

लोकप्रिय आहे. छोट्या चकमकी धरायच्या की नाही यावर आकडा हलतो. हरला नाही, हे मात्र वादातीत.

लढायाच पाहायच्या असतील तर दुसरी कुठली मालिका बरी?

२०१५ची 'जिंगबिरोक' त्यासाठी घेऊ नका. ५० भागांची ती मालिका र्यू सॉंग-र्योंगची आहे, म्हणजे दरबाराची. समुद्र तिथे पाहुण्यासारखा येतो. युद्धाचं राजकारण समजून घ्यायला मात्र तिच्याइतकं चांगलं काही नाही.

लढायांसाठी २०१६ची 'इमजिन वॉर १५९२' पाहा. केबीएस आणि चीनची सरकारी वाहिनी सीसीटीव्ही यांनी मिळून केलेली, फक्त ५ भागांची, माहितीपटाच्या अंगाने जाणारी. तिच्यात यी झालाय चोई सू-जोंग. आपल्याकडे तो ओळखीचा वाटेल, कारण जांग बोगो या जुन्या कोरियन दर्यावर्दीच्या आयुष्यावरची त्याची 'एम्परर ऑफ द सी' २००६ला दूरदर्शनवर हिंदीत लागली होती. 'इमजिन वॉर'मधली जहाजं पटतात, पाणीही पटतं. पण माणूस भेटायचा असेल तर 'इमॉर्टल ॲडमिरल'मध्ये यी झालेला किम म्युंग-मिनच. १०४ भागांत तो थकतो, आजारी पडतो, आईच्या मृत्यूने कोसळतो आणि मग जहाजावर चढतो. २००५चा केबीएसचा सर्वोच्च अभिनय पुरस्कार त्याला मिळाला.

शेवटच्या लढाईत यी मुद्दाम मेला का?

हा वाद कोरियातही जुना आहे. १६ डिसेंबर १५९८, नोर्यांग. हिदेयोशी मेलेला, जपानी परत निघालेले. सुनचॉनला अडकलेल्या जपानी सरदार कोनिशी युकिनागाला सोडवायला दुसरा सरदार शिमाझु योशिहिरो याचा ताफा आला आणि रात्रीपासून लढाई जुंपली. यीच्या सोबतीला चेन लिनचं चिनी आरमार होतं. यीला गोळी लागली. लढाई ऐन भरात आहे, माझ्या मृत्यूची बातमी कळू देऊ नका, असं सांगून तो गेला. मुलगा आणि पुतण्याने ती लपवली.

युद्ध संपल्यावर राजा आपल्याला पुन्हा तुरुंगात घालणार हे ओळखून त्याने चिलखत उतरवलं, असं काही जण मानतात. १५९७ला जे झालं ते पाहता असा विचार कुणाच्या मनात यावा, हे समजण्यासारखं आहे. पण त्या रात्री जहाजं एकमेकांत मिसळली होती, बंदुकीच्या पल्ल्यात होती. लांबून लढायची त्याची नेहमीची रीत त्या अंधारात चालली नाही. गोळी लागायला तेवढं पुरे, निराळं कारण शोधायला मला तरी नको वाटतं.

लहान मुलांबरोबर पाहता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या पुढे हरकत नाही, पण १५९७च्या तुरुंगातले प्रसंग आधी एकट्याने पाहून घ्या. आणि हानसानच्या आधी त्यांना नकाशावर ग्यॉन-नेर्यांगची खाडी दाखवून विचारा की तुम्ही असता तर आत गेला असतात का. मुलं पटकन "हो" म्हणतात.